एसओए म्हणजे काय, आणि आपल्या कंपनीला ती लागते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाऊक व्यापार, वितरण, लहान-मोठे कारखाने यांच्याकडची वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांशी जोडून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. मालक, अकाउंट्सची माणसं, आयटीवाले आणि कधीकधी गोदामाचे सुपरवायझर जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणाला एकच कंपनी पुन्हा पुन्हा येईल: साबण, टूथपेस्ट, बिस्किटं यांची घाऊक विक्री करणारी, कचेरी कोल्हापुरात, गोदामं कोल्हापूर, सांगली आणि म्हापशाला. कंपनी काल्पनिक आहे. तिच्या अडचणी मात्र मी तीन-चार ठिकाणी डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत.

एसओए म्हणजे काय? दोन वाक्यांत सांगा.

ग्राहकाची उधारी सांगणं, कर मोजणं, माल राखून ठेवणं असं धंद्यातलं एकेक काम एकाच ठिकाणी करायचं, आणि बाकीच्या सॉफ्टवेअरनी ते स्वतः न करता त्या ठिकाणाला विचारायचं. त्या ठिकाणाला सर्व्हिस म्हणतात, आणि सगळी व्यवस्था अशा सर्व्हिसेसवर उभी केली की ती झाली सेवाधारित रचना, म्हणजे सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर, थोडक्यात एसओए.

मग सर्व्हिस आणि साधा प्रोग्रॅम यांत फरक काय?

पिठाच्या गिरणीत डबा ठेवताना आपण "ज्वारी आहे, भाकरीला" एवढंच सांगतो. मोटर किती एचपीची, दगडाला टाकी कधी लावली, हे विचारत नाही. गिरणीवाल्याने उद्या चक्कीच बदलली तरी आपलं काही अडत नाही. काय द्यायचं, काय मिळणार, किती वेळात, किती पैशांत, एवढं ठरलेलं असलं की झालं. यालाच करार म्हणायचं. सर्व्हिसचं तसंच आहे. आत जावा आहे की डॉट नेट, डेटाबेस ओरॅकल आहे की पोस्टग्रेस, हे विचारणाऱ्याला माहीत असण्याची गरज नाही.

आता कुणी गिरणीच्या मागच्या दाराने शिरून आपल्या हाताने पीठ भरून घ्यायला लागलं तर? सॉफ्टवेअरमध्ये हे सर्रास चालतं. डॅशबोर्ड बनवणारा मुलगा बिलिंगच्या डेटाबेसचा पासवर्ड मागून घेतो आणि थेट टेबलं वाचायला लागतो. दोन वर्षांनी बिलिंगवाला एका कॉलमचं नाव बदलतो आणि डॅशबोर्ड बंद पडतो. दोघंही एकमेकांना दोष देतात, आणि दोघांचंही खरं असतं.

आमचं सगळं चालतंय की. त्रास आहे कुठे?

आपल्या कोल्हापूरच्या कंपनीत सहा सॉफ्टवेअर आहेत: पंधरा वर्षांपूर्वी लिहून घेतलेलं बिलिंग, अकाउंट्सला टॅली, गोदामाचं वेगळं, सेल्समनचं मोबाइल ॲप, पगाराचं आणखी एक, आणि धाकट्या मालकांना हवा होता म्हणून डॅशबोर्ड. सहाही एकमेकांशी थेट जोडायची तर १५ जोडण्या होतात. सातवं आलं की २१. अर्थात इतक्या जोडण्या कुणी करत नाही. त्यांच्या जागी येते रात्रीची फाइल.

रात्री अकराला बिलिंगमधून पार्टी मास्टरची, म्हणजे ग्राहकांच्या यादीची, सीएसव्ही फाइल निघते, शेअर्ड फोल्डरमध्ये पडते, पहाटे ॲपचा सर्व्हर ती उचलतो. एका ठिकाणी त्या फोल्डरमध्ये "पार्टी_मास्टर_फायनल_नवीन२" नावाची फाइल होती. चालू फाइल ती नव्हती, तिच्या खालची "जुनी" नावाची होती. हे माहीत असलेला एकच माणूस, तोही दिवाळीत गावाला गेलेला.

एक दिवस कसा जातो पाहा. दुकानदार सकाळी साडेदहाला यूपीआयने ८०,००० भरतो. अकाउंट्समध्ये अकरापर्यंत नोंद होते. दुपारी दोनला सेल्समन दुकानात पोचतो तर ॲपमध्ये लाल पट्टी: उधारी मर्यादा संपली. दुकानदार फोन काढून पैसे गेल्याचा मेसेज दाखवतो. सेल्समन कचेरीत फोन लावतो. अकाउंट्सच्या ताई म्हणतात, "घ्या ऑर्डर, मी बघते," आणि टेबलावरच्या वहीत दुकानाचं नाव लिहून ठेवतात. कॉम्प्युटरवर लाखो रुपये खर्चून झालेल्या कंपनीचा सगळ्यात भरवशाचा भाग म्हणजे ती वही. म्हणजे चालतंय हे खरं, पण ते कुणामुळे चालतंय, हे एकदा बघून घ्या.

एसओए असती तर यात नेमका काय फरक पडला असता?

"या पार्टीला आणखी किती उधार देता येईल?" या प्रश्नाचं उत्तर देणारी एक सर्व्हिस असती. ॲप कालच्या फाइलवर न विसंबता त्या क्षणी तिला विचारतं. सर्व्हिस टॅलीतल्या जमा नोंदी आणि बिलिंगमधली न सुटलेली बिलं पाहून एक आकडा देते. वही कोरी राहते.

हे उधारीपुरतं झालं. आणखी कुठे उपयोग होतो?

कर. आणि याचं ताजं उदाहरण सगळ्यांच्या लक्षात असेल. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. अंगाचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली. आपल्या कंपनीच्या दृष्टीने निम्म्याहून जास्त मालाचा दर एका रात्रीत बदलला.

दर होता कुठे? बिलिंगच्या आयटम मास्टरमध्ये, ॲपच्या प्राइस लिस्टमध्ये, टॅलीत, आणि ई-वे बिलासाठी कुणीतरी बनवलेल्या एक्सेलमध्ये. मी त्या आठवड्यात एका ठिकाणी होतो. या चारही जागी आदल्या रात्री बसून दर बदलले गेले आणि पहाटे चारला सगळे घरी गेले. पाचवी जागा निघाली माल परत घेण्याच्या स्क्रीनवर. ऑगस्टमध्ये १८ टक्क्यांनी विकलेला माल परत आला की क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच व्हायला हवी. स्क्रीन मात्र आयटम मास्टरमधला आजचा दर उचलत होती, म्हणून १८ च्या मालावर ५ ची क्रेडिट नोट निघू लागली. तीन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

इथे शिकण्यासारखी गोष्ट बारीक आहे. नुसतं "दर एका ठिकाणी ठेवा" म्हणून भागत नाही, प्रश्नही नीट विचारावा लागतो. "या आयटमचा दर काय?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "हा आयटम, या तारखेला, या राज्यातून त्या राज्यात, किती कर आणि कुठला?" असं विचारायला हवं. राज्य यासाठी की कोल्हापूरहून सांगलीला माल विकला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा कर), आणि गोव्यातल्या म्हापशाला गेला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर). गोव्याचा जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांक, ३० ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने, त्यामुळे स्वतःच्याच म्हापशाच्या गोदामाला माल पाठवला तरी करबिल फाडावं लागतं. कर-सर्व्हिस लिहायला बसलं की हे सगळं आधी कागदावर येतं. चार जागी विखुरलेल्या दरांमध्ये ते कधीच येत नाही.

ही कल्पना आली कुठून?

वेगवेगळ्या मशीनवरचे प्रोग्रॅम एकमेकांना हाक मारू शकतील, ही धडपड जुनी आहे. १९९१ मध्ये कोर्बा आलं, १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं डीकॉम. दोन्ही चालायचे, पण आपापल्या घोळक्यात. त्याच १९९६ मध्ये गार्टनर या सल्लागार कंपनीच्या रॉय शुल्टे आणि येफिम नातिस यांनी सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर हा शब्द लिखाणात आणला. २००० च्या मे महिन्यात सोप १.१ चं टिपण डब्ल्यूथ्रीसी या वेबचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलं आणि एक्सएमएलमध्ये (खुणा लावून लिहिलेल्या मजकुरात) निरोप पाठवायची सर्वमान्य पद्धत मिळाली. पुढच्याच वर्षी डब्ल्यूएसडीएल आलं: सर्व्हिस काय घेते, काय देते, याचं यंत्राला वाचता येईल असं वर्णन.

यूडीडीआय नावाचा प्रकारही याच काळातला. जगभरच्या सर्व्हिसेसची एक सार्वजनिक यादी असेल, तुमचा प्रोग्रॅम त्यात शोधून आपणहून पुरवठादार निवडेल, अशी कल्पना. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी त्या सार्वजनिक याद्या २००६ च्या जानेवारीत बंद केल्या. गूळ मार्केटमध्ये एक फेरी मारली असती तर तेव्हाच कळलं असतं. व्यापारी यादी वाचून माल घेत नाही, ओळखीवर घेतो.

२००६ मध्येच ओएसिस या संस्थेने एसओएची व्याख्या करून दिली. ती वाचण्यासारखी आहे, कारण तिचा जोर तंत्रज्ञानावर नाही. वेगवेगळ्या मालकीखाली असलेल्या, विखुरलेल्या क्षमता एकत्र वापरण्याची पद्धत, असा तिचा मथितार्थ. मालकी हा शब्द लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

एसओए म्हणजे सोपच ना? आम्ही रेस्ट वापरतो, मग ती एसओए नाही?

आहे. सोप, रेस्ट ही निरोप न्यायची वाहनं. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात रेस्ट मांडलं, आणि आज नवीन काम बहुतेक रेस्ट व जेसन या माहिती लिहायच्या साध्या पद्धतीवरच होतं. जुन्या बँकिंग किंवा विमा सॉफ्टवेअरशी बोलायचं असेल तर सोप अजून भेटतं. भेटलं तर घाबरू नका आणि बदलायलाही जाऊ नका.

वर करार म्हणालात. तो दिसतो कसा?

तुम्ही रोज एक वापरता. जीएसटीचं ई-इनव्हॉइस. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना ते बंधनकारक झालं, मर्यादा खाली येत येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. बिल कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बनवायचं हे सरकारने सांगितलं नाही. टॅली, सॅप, गावातल्या मुलाने लिहिलेलं, काहीही चालतं. फक्त जेसनचा साचा ठरवून दिला. या साच्यात भरून पाठवा, आम्ही आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, आणि सही केलेला क्यूआर कोड परत देतो.

साचा किती काटेकोर आहे ते पाहा. जीएसटीआयएन १५ अक्षरांचा. बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, आणि त्याची सुरुवात शून्याने, आडव्या रेघेने किंवा तिरक्या रेघेने करता येत नाही. आपल्या कंपनीचे बिल नंबर वडिलांच्या काळापासून ०००१ असे शून्यापासून सुरू व्हायचे. पहिल्या दिवशी सगळी बिलं परत आली. मोठे मालक चिडले, "आमचा नंबर आम्ही ठरवणार." पण करार असाच असतो. तो दोन्ही बाजूंना बांधतो, आणि म्हणूनच समोरच्या बाजूला काय चाललंय याचा विचार न करता आपण निवांत राहू शकतो.

तुमच्या अंतर्गत सर्व्हिसचा करारही असाच लिहा. कुठली माहिती सक्तीची, कुठली ऐच्छिक, चूक झाली तर कुठला संदेश येणार, उत्तराला जास्तीत जास्त किती वेळ. आणि रुपये की पैसे, हेही लिहा. हसू नका. एका ठिकाणी उधारीची मर्यादा शंभरपट झाली होती.

ईएसबी विकत घ्यावी का? व्हेंडर फार आग्रह करतो आहे.

एंटरप्राइज सर्व्हिस बस म्हणजे सगळ्या सर्व्हिसेसच्या मध्ये बसणारं सॉफ्टवेअर. निरोप इकडचा तिकडे नेणं, एक्सएमएलचं जेसन करणं, वाट ठरवणं ही तिची कामं. मोठ्या बँकेला, पन्नास जुन्या सिस्टिम असलेल्या कंपनीला तिचा उपयोग होतो. धोका असा की धंद्याचे नियम हळूहळू तिच्यातच जाऊन बसतात. "सांगलीच्या ऑर्डरला दोन टक्के सूट" हा नियम बिलिंगमध्येही सापडत नाही आणि विक्रीतही. तो बसमध्ये कुठेतरी असतो आणि तो लिहिणारा सल्लागार आता दुसऱ्या कंपनीत.

पाच-सात सर्व्हिसेस असतील तर बस नको. त्या थेट एकमेकांशी बोलू द्या, आणि जिथे ताबडतोब उत्तर नको तिथे एक साधी मेसेज क्यू, म्हणजे निरोपांची रांग, लावा.

मायक्रोसर्व्हिसेस म्हणजे एसओएचंच नवं नाव का?

भावंडं म्हणा. जेम्स लुइस आणि मार्टिन फाउलर यांच्या २०१४ च्या लेखानंतर तो शब्द पसरला. तिथे तुकडे आणखी लहान असतात, प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा असतो, आणि मधलं सॉफ्टवेअर शक्य तितकं बिनडोक ठेवतात. दोन माणसांचा आयटी विभाग असलेल्या कंपनीने चाळीस मायक्रोसर्व्हिसेस केल्या की रात्री कुठली पडली हे शोधायला तिसरा माणूस लागतो.

सगळ्यात आधी कुठली सर्व्हिस करावी?

जिचं उत्तर सध्या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळं मिळतं, आणि त्यावरून भांडणं होतात, ती. आपल्या कंपनीत ती उधारीची. पगारपत्रक आधी नको, ते एकटं आपल्या कोपऱ्यात सुखी आहे.

सर्व्हिस केवढी असावी, हा खरा नाजूक भाग आहे. "पार्टीचं नाव द्या", "पार्टीचा पत्ता द्या", "पार्टीचा फोन द्या" अशा तीन सर्व्हिसेस केल्या तर एका ऑर्डरला तीस हाका माराव्या लागतील आणि आंबोली घाटात रेंज नसलेल्या सेल्समनचं ॲप गोल गोल फिरत बसेल. "विक्री" अशी एकच महाकाय सर्व्हिस केली तर जुनंच सॉफ्टवेअर नवीन पाटी लावून उभं राहिलं. माझी कसोटी अशी: सर्व्हिसचं काम धंद्यातल्या माणसाला त्याच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. "ऑर्डरसाठी माल राखून ठेव" हे गोदामाच्या सुपरवायझरला लगेच कळतं. "आयटम-लाइन-स्टेटस-अपडेट" कळत नाही, मग ती सर्व्हिस नव्हे.

जुनं बिलिंग फेकून द्यायचं का?

नाही. निदान आत्ता नाही. पंधरा वर्षांत त्यात जे नियम शिरले आहेत ते कुणालाच पूर्ण आठवत नाहीत. फेकलं की एकेक करून ग्राहकच आठवण करून देतील.

जुन्या सॉफ्टवेअरभोवती एक पातळ कवच लिहा. बाहेरून सर्व्हिस दिसते, आतून ती जुन्याच सॉफ्टवेअरला विचारते. मग एकेक काम नव्या जागी हलवा. बाहेरच्यांना पत्ता लागत नाही, कारण करार तोच राहतो. ताडाच्या झाडावर पक्ष्याने टाकलेलं वडाचं बी रुजतं, मुळं खाली सोडतं, आणि काही वर्षांनी वडच उभा दिसतो, तसं. फाउलर यांनी २००४ मध्ये या पद्धतीला अशाच झाडावरून नाव दिलं. आपल्याकडे तो वड कुठल्याही गावात दाखवता येईल.

नेटवर्क गेलं तर? सर्व्हिसने उत्तरच दिलं नाही तर?

हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारणारा माणूस मला आवडतो. पूर्वी सगळं एका मशीनवर होतं तेव्हा काम व्हायचं किंवा व्हायचं नाही. आता तिसरी शक्यता आली: झालं की नाही, कळलंच नाही. बिल पाठवलं, तीस सेकंद वाट पाहिली, उत्तर आलं नाही. पोचलं नसेल? की पोचलं, नोंद झाली, आणि परतीचं उत्तर वाटेत हरवलं? पुन्हा पाठवलं तर दोनदा नोंद होणार नाही ना?

ई-इनव्हॉइसवाल्यांनी याचं उत्तर छान बांधलं आहे. आयआरएन हा ६४ अक्षरांचा क्रमांक मनाला येईल तसा काढलेला नसतो. विक्रेत्याचा जीएसटीआयएन, दस्तऐवजाचा प्रकार, त्याचा नंबर आणि आर्थिक वर्ष या चौघांपासून तो गणिताने निघतो. त्यामुळे तेच बिल दहा वेळा पाठवलं तरी आयआरएन तोच येतो, आणि पोर्टल सांगतं की हे आधीच नोंदलेलं आहे. दुसरं बिल जन्मालाच येत नाही.

तुमच्या सर्व्हिसमध्येही हेच करा. ॲपने प्रत्येक ऑर्डरला फोनवरच एक कायमचा क्रमांक द्यायचा, आणि सर्व्हिसने तोच क्रमांक पुन्हा आला तर नवीन ऑर्डर न करता आधीचंच उत्तर परत द्यायचं. हे नसलेल्या एका ठिकाणी सेल्समन रेंज येईपर्यंत बटण दाबत राहिला होता. एका किराणा दुकानासमोर साबणाच्या पेट्यांचे चार टेम्पो उभे राहिले. दुकानदार भला होता, त्याने एका टेम्पोतला माल उतरवून घेतला आणि चौघाही ड्रायव्हरना चहा पाजला.

किती वेळ थांबायचं आणि किती वेळा पुन्हा विचारायचं, हे ठरवून ठेवा. आणि उत्तर नाहीच आलं तर काय, हे आयटीने ठरवू नये. उधारीची सर्व्हिस बंद असताना ऑर्डर घ्यायची की नाही, हा मालकांचा निर्णय. आपल्या कंपनीत ठरलं ते असं: २५,००० पर्यंतची ऑर्डर घ्या, वरची थांबवा.

व्यवहार अर्धवट राहिला तर उलटा कसा फिरवायचा?

एका डेटाबेसमध्ये रोलबॅक, म्हणजे झालेलं सगळं मागे फिरवणं, असतो. पाच सर्व्हिसेसमधून गेलेल्या कामाला तो नसतो. माल राखला, बिल झालं, आयआरएन मिळाला, आणि मग कळलं की टेम्पोच नाही. अशा वेळी प्रत्येक पावलाचं उलट पाऊल आधीच लिहून ठेवावं लागतं. याला सागा म्हणतात, आणि हेक्टर गार्सिया-मोलिना व केनेथ सालेम यांनी ती कल्पना १९८७ मध्येच मांडली होती.

उलट पाऊल म्हणजे नेहमी पुसून टाकणं नसतं. आयआरएन २४ तासांच्या आत पोर्टलवर रद्द करता येतो. त्यानंतर नाही, मग क्रेडिट नोट काढायची. म्हणजे एकाच चुकीची दुरुस्ती घड्याळाप्रमाणे बदलते. हे तुमच्या अकाउंटंटला पाठ असतं. प्रोग्रॅमरला कुणी सांगितलेलं नसतं.

सुरक्षिततेचं काय?

"आतल्या नेटवर्कवर आहे, कोण येतंय?" हे वाक्य ऐकलं की मी बैठक थांबवतो. प्रत्येक सर्व्हिसने विचारणारा कोण आहे आणि त्याला हे विचारायचा अधिकार आहे का, हे दर वेळी तपासलं पाहिजे. प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळी किल्ली द्या. सगळ्यांना एकच दिली तर एक सेल्समन फोन हरवून आला की सगळ्यांचं कुलूप बदलावं लागतं. आणि कोणी काय विचारलं याचा लॉग ठेवा.

सर्व्हिसचा मालक कोण? आयटी विभाग ना?

नाही. आणि बहुतेक प्रकल्प इथेच बसतात.

सर्व्हर आयटी सांभाळेल. पण "पार्टी म्हणजे कोण?" हे आयटीने ठरवायचं नाही. एकदा एवढ्याच प्रश्नावर मी दोन तासांची बैठक पाहिली आहे. अकाउंट्सच्या मते एक जीएसटीआयएन म्हणजे एक पार्टी. विक्री विभागाच्या मते प्रत्येक दुकान वेगळी पार्टी, कारण टार्गेट दुकानावर असतं. एका दुकानदाराची तीन दुकानं एकाच जीएसटीआयएनवर. गोदामाच्या माणसाने शेवटी तोंड उघडलं: "माल तिथे जातच नाही हो, त्यांच्या चौथ्या जागी, घराच्या मागच्या शेडमध्ये उतरतो." सगळे गप्प झाले. मग फळ्यावर तीन शब्द लिहिले गेले: पार्टी, दुकान, उतरायची जागा. पार्टी अकाउंट्सच्या ताब्यात, दुकान विक्रीच्या, जागा गोदामाच्या. प्रत्येकाने आपल्या यादीत काय खरं ते सांगायचं आणि बाकीच्यांनी ते मानायचं. त्या दिवशी एक ओळ कोड लिहिला गेला नव्हता, पण एसओएचं निम्मं काम झालं होतं.

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्था ज्या सिस्टिम बनवते त्यांची घडण त्या संस्थेतल्या बोलण्या-चालण्यासारखीच होते. विक्री आणि अकाउंट्स एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांच्या सर्व्हिसेसही बोलणार नाहीत. ॲमेझॉनमध्ये २००२ च्या सुमारास जेफ बेझोस यांनी फर्मान काढलं होतं, असं तिथे काम केलेल्या स्टीव्ह येगी यांनी २०११ मध्ये आठवणीतून लिहिलं: प्रत्येक गटाने आपली माहिती सर्व्हिसमधूनच द्यायची, दुसऱ्याच्या डेटाबेसला हात लावायचा नाही. आपल्याकडे एवढा दरारा मालकांकडेच असतो. म्हणून पहिल्या बैठकीला मालक हवेत, आणि शेवटपर्यंत हवेत.

करार बदलायची वेळ आली तर?

नवीन ऐच्छिक माहिती वाढवायला हरकत नाही. असलेली काढायची किंवा तिचा अर्थ बदलायचा तर नवं व्हर्जन काढा, जुनं ठरावीक मुदत चालू ठेवा, आणि ते कोण वापरतंय हे लॉगमध्ये पाहून त्यांना फोन करा. ईमेल नको, फोन. मार्चअखेर कुठलाही करार बदलू नका.

खर्च आणि वेळ?

सरसकट आकडा देणाऱ्यापासून सावध राहा. माझा अनुभव एवढाच सांगतो: उधारीच्या पहिल्या सर्व्हिसचा कोड तीन आठवड्यांत झाला आणि पार्टी मास्टर साफ करायला दोन महिने लागले. एकच दुकान "महालक्ष्मी स्टोअर्स", "महालक्ष्मी स्टोअर", "श्री महालक्ष्मी" आणि नुसतं "लक्ष्मी (जुना)" अशा चार नावांनी बसलेलं. ती सफाई संगणक करत नाही, त्या पेठेत वीस वर्षं फिरलेला सेल्समन करतो. त्याचा वेळ खर्चात धरा.

एसओए मेली, असं मी वाचलं होतं.

विश्लेषक ॲन थॉमस मेन्स यांनी २००९ च्या जानेवारीत तसं लिहिलं होतं, पण त्याच मथळ्यात सर्व्हिसेस चिरायू होवोत असंही होतं. मेला तो शब्द, आणि त्या नावाने विकली जाणारी महागडी पॅकेजं. कामाची पद्धत एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला विचारायची ठरलेली वाट) या नावाने तुमच्या फोनमध्ये आहे. एका कंपनीच्या ॲपमधून दुसऱ्या बँकेतले पैसे तिसऱ्या बँकेत जातात, कारण २०१६ पासून यूपीआयमध्ये सगळ्यांनी ते चालवणाऱ्या एनपीसीआयचा एकच करार मानला आहे.

आम्हाला ती नकोच, हे कसं ओळखायचं?

एकच दुकान, एकच सॉफ्टवेअर, तीन माणसं: नको. सगळं एकाच ईआरपीत, म्हणजे सगळे विभाग सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये, चाललंय आणि कुणी काही दोनदा टाइप करत नाही: नको. फक्त डॅशबोर्ड हवा म्हणून: नको. मालकांना विभागांची भांडणं सोडवायची इच्छा नाही: तर मुळीच नको, पैसे वाया जातील.

समजा, हवी आहे. सोमवारी सकाळी काय करू?

लॅपटॉप बंद ठेवा. एक मोठा कागद घेऊन प्रत्येक टेबलापाशी जा आणि दोनच गोष्टी विचारा: तुमच्याकडे कुठली फाइल कुठून येते, आणि दुसऱ्या स्क्रीनवर बघून तुम्ही काय टाइप करता? जे दोनदा टाइप होतं तिथे लाल खूण. खुणा जिथे दाट होतील तिथे पहिली सर्व्हिस.

अकाउंट्सच्या टेबलाशी गेलात की ताईंकडे ती वही मागा. आधी "कुठली वही?" म्हणतील. खुर्ची ओढून बसा, चहा सांगा. वही ड्रॉवरमध्ये असते.